आगंतुक ठोका

१

बुधवारी दुपारी सव्वाचारला, चहा गाळता गाळता, डॉ. शालनबाई गायकवाड यांच्या ध्यानात आले की आपल्या संगीतरचनेतून कुणीतरी एक ठोका चोरला आहे.

गाळणे ओट्यावर ठेवून त्यांनी फोनवर रचना पुन्हा पहिल्यापासून लावली. चौथ्या मिनिटाला, सुमनताईंच्या आवाजाच्या ऐन चढावर, तो यायला हवा होता. आला नाही. सातव्या मिनिटाला आला नाही, नवव्यालाही नाही. अकरा मिनिटे संपली तेव्हा चहावर साय धरली होती आणि शालनबाईंच्या डोक्यात ती थंड, नेटकी चीड उभी राहिली होती, जिच्या धाकाने महाविद्यालयातले तीन प्राचार्य त्यांच्याशी चौतीस वर्षे अदबीने वागले.

चोरीला गेलेली वस्तू विचित्र होती. भोसरीतल्या एका गाळ्यातील पॉवर प्रेसचा, म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्राचा, तो आवाज. ज्योतीराम त्या प्रेसवर काम करी. फेब्रुवारीत त्याने आपल्या यंत्राचे अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण सर्वांना ऐकवले आणि त्याच लयीवर पाच जणांनी मिळून एक रचना बांधायला घेतली. ज्योतीरामची हलगी, शेखरचा पखवाज, सुमनताईंचा गळा, निरंजनचे कीबोर्ड आणि या सगळ्याला आकार देणाऱ्या निवृत्त प्राध्यापिका शालनबाई. पाचही जण एका वेळी एका खोलीत कधी आले नाहीत, कारण पाचही जणांची शिफ्ट कधी एक नव्हती. ज्याला जेव्हा सवड मिळे तेव्हा तो कानाला पाया लावून, म्हणजे तो प्रेसचा आवाज थेट सामायिक खात्यातून ऐकत, आपला थर मोबाईलवर वाजवी आणि सामायिक खात्यात ठेवून देई. ग्रुपचे नाव होते ‘बीट भोसरी’. ते निरंजनने ठेवले होते. शालनबाईंनी ते सहन केले होते.

या ‘पाया’मध्ये प्रेसचे ठोके शिस्तीत पडत. फक्त तीन ठिकाणी, आधीचा ठोका विरायच्या आत, त्याच्या पाठीवर पाय देऊन एक जादा ठोका उमटे. शालनबाईंनी त्याला ‘आगंतुक’ असे नाव दिले होते आणि एका त्रैमासिकात त्याच्यावर बावीस पानांचा निबंध लिहिला होता. आयुष्यभर ज्या मैफली ऐकल्या त्यांतल्या फारच थोड्यांनी त्यांना इतके हलवले होते.

त्यांनी सामायिक खाते उघडले आणि रचना बाजूला ठेवून मूळ फाईल लावली. नाव तेच, ‘पाया’. लांबी तीच. आगंतुक मात्र तिथेही नव्हता.

पण सुरुवातीला, पहिल्या ठोक्याच्याही आधी, एक आवाज होता. शालनबाईंनी तो चारदा ऐकला.

टाळी होती. बसकी, कोरडी, पण टाळीच.

ग्रुपचा नियम होता की प्रत्येकाने आपल्या थराच्या आरंभी एक टाळी वाजवायची, म्हणजे निरंजनला सगळे थर एका रेषेत लावता येतात. हा नियम मार्चमध्ये झाला. पाया फेब्रुवारीतला. त्याला कुणाच्या रेषेत बसायचेच नव्हते. बाकीच्यांनी त्याच्या रेषेत बसायचे होते. पायाला टाळी कधीच नव्हती.

म्हणजे जुनी फाईल काढून कुणीतरी नवी बसवली होती, आणि बसवताना हाताने सवयीने आपले काम केले होते. ही सवय जगात फक्त पाच माणसांना होती.

२

निरंजन चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासतो. सहा वाजता तो कंपनीच्या बसमध्ये भेटला, म्हणजे फोनच्या पडद्यावर, मागे हलणारे पडदे आणि झोपलेली माणसे घेऊन.

“बाई, मी काढला असता तर ग्रुपवर जाहीर करून काढला असता. पहिल्या दिवसापासून सांगतोय, तो ठोका मोजमापात बसत नाही.”

“म्हणजे हेतू तुमच्याकडे आहे.”

“हेतू आहे, पण अब्रूही आहे. थांबा, ऐकू द्या जरा.” त्याने कानात यंत्रे खुपसली, डोळे मिटले, आणि मिनिटभराने त्याच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो खराब माल हातात आल्यावर येत असावा. “हे कुणी केलंय? तिसऱ्या मिनिटाला गाळ्यात कुणीतरी खोकतं, ऐकलंत? तोच खोकला चौथ्यालाही आहे. सातव्याला, नवव्याला. शिस्तीतल्या ठोक्यांचा एक तुकडा कापून तिन्ही ठिकाणी चिकटवलाय. मोबाईलवर केलंय, घाईत. असा पार्ट माझ्या लाइनवर आला असता तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता.”

“जुनी प्रत काढा.”

निरंजन कानातली यंत्रे काढून डबीत ठेवू लागला.

“निरंजन.”

“जुनं ठेवत नाही मी, बाई. फाइव्ह एस.”

चाकणच्या प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर ही जपानी पंचसूत्री टांगलेली असते, आणि तिच्याखाली काम करणारी माणसे ती घरीही घेऊन जातात. पहिले सूत्र असे की नको ते फेकून द्या. नको ते काय, हे कुणी ठरवायचे, याबद्दल भिंत मौन पाळते.

“सकाळी मी फक्त आवाजाची पातळी सुधारली आणि नवं मिक्स जुन्यावर चढवलं. पाया बदललाय हे मला कुठं माहीत? ऐकलंच नाही मी.”

“कचरापेटी?”

“रिकामी आहे. ती एरवी मीच दर शुक्रवारी रिकामी करतो. या खेपेला मी केलेली नाही.” त्याने हे सांगितले तेव्हा त्याचा आवाज प्रथमच उतरला. “आणि कुणी केली ते कळणार नाही. खातं एक, पासवर्ड एक, पाचही जणांकडे.”

“तुम्हाला दुसऱ्याच्या थराला हात लावायची मुभा नाही, हा नियम तरी पाळता ना?”

“बाई, सुमनताई अजून हेडफोन लावत नाहीत. शेजारी दुसऱ्या फोनवर पाया मोठ्यानं लावतात आणि त्यावर गातात. त्यांचा आवाज धुण्यात माझे रविवार जातात. तरी धुतो ते मिक्समध्ये. त्यांचा मूळ थर आहे तसा ठेवलाय, एकूणएक. आणखी किती नियम पाळू?”

बस कुठल्याशा खड्ड्यात आपटली आणि पडद्यावरचा निरंजन क्षणभर उडाला. खाली आल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, “मला कशाला विचारता? तो प्रेस ज्या गाळ्यात आहे तो गाळा कुणाच्या चुलत्याचा आहे, ते विचारा.”

३

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. आठवड्यातून एक दिवस भोसरीला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि तो तिला फारसा आवडत असेल असे वाटत नाही. सगळे गाव उगाचच दुचाक्या काढून इकडून तिकडे फिरत असते.

शेखरच्या घरासमोर दोन मोटारींच्या मध्ये एक म्हैस बांधलेली होती. शेखर पखवाजाला कणीक लावत बसला होता. खुर्चीत त्याचे चुलते सोपानराव होते. सहा गाळ्यांचे मालक असले तरी पायात अजून शेतात घालायच्या चपला होत्या.

“ह्या कोन?” त्यांनी विचारले.

“आमच्या ग्रुपच्या बाई हायेत, आप्पा.”

“आगं बया. बसा, बसा. ते तुमीच लिवलं व्हय? आमच्या गाळ्याचं नाव पैल्यांदा छापून आलं. शेखरनं मला धाडलं, मी समद्या गावाला धाडलं. दौलतरावालाबी धाडलं.”

दौलतराव म्हणजे त्या गाळ्यात प्रेस चालवणारे भाडेकरू, ज्योतीरामचे मालक. “त्यांना आवडलं का?” शालनबाईंनी विचारले. पन्नास वर्षे लिहिणाऱ्या माणसालाही हा प्रश्न टाळता येत नाही.

“आवडलं म्हनावं तर... त्यानं कागदावर काढून घेतलं आन् वकिलाकडं दिलं.”

“वकिलाकडे? संगीतावरचा निबंध?”

सोपानरावांनी म्हशीकडे पाहिले. “त्ये शेखरला इचारा,” असे म्हणून ते उठले आणि आत गेले.

शेखरने पखवाज बाजूला ठेवला. “माझ्या चुलत्याचा गाळा हाय म्हून मी चोर, आसं निरंजन म्हनला आसंल.”

“म्हणाला.”

“त्याला म्हनावं, फाईल बदलायला मला माज्या पोरीला इचारावं लागतं. मला त्यातलं कापाकापीचं काय कळत न्हाई.” तो थोडा हसला, मग हसू आवरले. “बाई, तुमी त्याला आगंतुक म्हनता. गाळ्यात त्याला काय म्हनत्यात ठावं हाय?”

“काय?”

“डबल. चार नंबरचा प्रेस डबल मारतो, आसं.” त्याने जमिनीवर पाय आपटून दाखवला. “पायडल मारलं की येक ठोका. येकच. मग हात आत घालायचा, कापल्याला तुकडा काढायचा, नवा पत्रा ठिवायचा, हात भायेर, परत पायडल. पर आतली ठोका रोखनारी चावी झिजली की मशीन पायडलाबिगर सोताच दुसरा ठोका टाकतं. आन् त्या टायमाला हात कुटं आसतो?”

शालनबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिले.

“आतच आसतो,” शेखर म्हणाला.

तीन आठवड्यांपूर्वी ज्योतीरामच्या उजव्या हाताची दोन बोटे प्रेसमध्ये गेली होती. ग्रुपवर सर्वांनी जोडलेल्या हातांची चित्रे पाठवली होती. शालनबाईंनीही पाठवले होते, तेही दोन. दौलतरावांनी सरकारदरबारी लिहून दिले होते की यंत्र निर्दोष आहे, कामगाराचे लक्ष नव्हते. हे सगळे त्यांना माहीत होते. आणि ज्या यंत्राने हात खाल्ला त्याच यंत्राचा तोच दोष, चार महिने आधी, तीनदा, स्वच्छ ध्वनिमुद्रित होऊन त्यांच्या फोनवर वाजत होता. त्या रोज संध्याकाळी तो डोळे मिटून ऐकत होत्या.

“हे तुला माहीत होतं?”

“गाळ्यात समद्यांना म्हाईत. मला वाटलं तुमालाबी आसंल.” शेखरच्या स्वरात टोमणा नव्हता, हेच त्यातले अधिक वाईट. “येवढी बावीस पानं लिवलीत तुमी.”

४

थेरगावच्या वाटेवर, रिक्षात तिघांच्या मध्ये दाटून बसलेल्या शालनबाईंनी आपला निबंध आठवून पाहिला. ‘यंत्राच्या शिस्तीला कामगाराची सुप्त सर्जकता येथे उद्धटपणे छेद देते.’ वाक्य चांगले उतरले होते. शब्दांचे वजन बरोबर, क्रियापद जागच्या जागी. एवढेच की त्यात एक अक्षरही खरे नव्हते, आणि ज्या एकमेव माणसाने तो निबंध अखेरपर्यंत काळजीपूर्वक वाचला तो दौलतरावांचा वकील होता. त्याने त्यातून हवे ते बरोबर काढले: असे एक ध्वनिमुद्रण अस्तित्वात आहे.

ते आता नव्हते. कुणीतरी आतल्याने ते नाहीसे केले होते. दौलतरावांना खात्याचा पासवर्ड माहीत नव्हता आणि टाळीची सवयही नव्हती.

डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत सुमनताईंचे ब्लाऊज शिवायचे दुकान आहे. पाच फूट रुंद, आठ फूट खोल, आणि त्यात मशीन, आरसा, कपड्यांचा ढीग आणि सुमनताई. तोंडात टाचण्या असतानाही त्या बोलू शकत.

“बसा बाई, त्या ढिगावरच बसा, पूनमचेच आहेत. उद्यापासून कामावर जाणार ना ती, दोन ब्लाऊज घाईनं मागितलेत.”

“पूनम म्हणजे ज्योतीरामची बायको? कुठे कामावर?”

“तिथंच, दौलतरावांकडं. पॅकिंगला. सात वाजता हजर व्हायचंय. माणुसकी दाखवली म्हणे त्यांनी.” सुमनताईंनी टाचण्या हातावर काढल्या. “ज्योतीरामला म्हणाले, तुझा हात बरा होईस्तवर घर कसं चालणार, बायकोला पाठव.”

“कधी म्हणाले?”

“सोमवारी असेल. का हो?”

 शालनबाईंनी फोन काढला आणि ती टाळी ऐकवली. “सुमनताई, ही कुणाची?”

“माझी नाही. माझ्या टाळीला बांगड्या वाजतात. निरंजन त्याच्यावरूनही बोलतो.”

हे खरे होते. शेखरची टाळी पखवाजियाची, खोल आणि गोल. निरंजनची चुटकीसारखी आखूड. शालनबाई गेले दोन तास सर्वांच्या टाळ्या एकामागून एक ऐकत आल्या होत्या आणि ही कुणाशीही जुळत नव्हती. दोन तळव्यांच्या मध्ये जी हवा कोंडते आणि फुटते, ती पोकळीच हिच्यात नव्हती.

“एकदा वाजवून दाखवा बघू, बांगड्या मागे सारून.”

सुमनताईंच्या डाव्या हातात पूनमच्या ब्लाऊजची बाही होती, टाचण्या लावलेली, सोडता न येणारी. त्यांनी क्षणभरही विचार न करता उजवा तळवा मांडीवर हाणला.

बसका, कोरडा आवाज. तोच.

“ही काय टाळी झाली?” शालनबाई म्हणाल्या, पण त्यांचा स्वर आधीच बदलला होता.

“झाली की. एक हात अडकला असला की माणूस अशीच वाजवणार.”

 एक हात अडकलेला माणूस ग्रुपमध्ये एकच होता, आणि सबंध चौकशीत त्यांनी एवढ्या एकालाच संशयितांत धरले नव्हते.

५

ज्योतीरामची खोली भोसरीत, एका तिमजली चाळवजा इमारतीच्या मधल्या मजल्यावर. साडेपाचचे ऊन दारातून थेट भिंतीवरच्या हलगीवर पडत होते. उजव्या हाताला पांढरे बोचके होते. तो उठू लागला.

“बसा,” शालनबाई म्हणाल्या. “मी तीन आठवड्यांपूर्वी यायला हवे होते.”

“आसूद्या की बाई. तुमचं हात जोडल्यालं आलं होतं मोबाईलवर.”

पूनम चहा ठेवत होती. शालनबाईंनी फोन पुढे केला आणि फक्त पहिला क्षण ऐकवला. मांडीवरची ती टाळी. मग थांबवले.

ज्योतीरामने फोनकडे पाहिले नाही. तो बोचक्याकडे बघतच म्हणाला, “टाळी कशाला वाजीवली म्या. ध्यानातच राह्यलं न्हाई. तुकडं चिटकीवले, नव्यानं रेकॉर्डला लावलं, आन् हात आपोआप...”

“कोणी सांगितले करायला?”

“सोमवारी मालकानं बोलावलं. वकील बी होता. तुमची पानं होती त्याच्या म्होरं, लाल रेघा मारलेली. म्हनला, ही टेप कुटंय? म्या म्हनलं, गान्यात हाय. म्हनला, गान्यातून काढ, तुज्या मोबाईलातूनबी काढ, आन् मंग बायकोला शुक्रवारपासून पॅकिंगला घेतो.” त्याने मान वर केली. “डबल मारायलंय म्हून म्या सुपरवायझरला तीनदा सांगितलं होतं, बाई. टार्गेट झाल्यावर बघू म्हनले. पर हात गेल्यावर कोन बघायलंय? दोन लेकरं हायेत. सही बी दिली म्या. माझं ध्यान नव्हतं म्हून.”

“मी कुठं म्हणले होते सही द्या?” पूनम स्टोव्हपाशी उभीच राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता, जणू ती दुधाबद्दल बोलत होती. “आन् पॅकिंग कुठलं? दुपारी सुपरवायझरचा फोन आला. पॅकिंग भरलंय म्हणले. मला चार नंबरवर बसायचंय. मी म्हणलं मला येत न्हाई. म्हणले पायडल मारायला काय शिकावं लागतंय.”

दारातले ऊन भिंतीवरून सरकत होते. ज्योतीरामचा डावा हात बोचक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

“मला का सांगितलं न्हाईस?”

“तुम्ही झोपला होता. गोळ्या घेतल्या होत्या.”

“न्हाई जायचं तू.”

“मी न्हाई गेले तर दुसरी बसेल. गाळ्यातल्या सोजरबाईची सून नाव लावून बसलीय.”

ज्योतीराम भिंतीला टेकला. “समदं पुसलं म्या,” तो म्हणाला. “माज्या मोबाईलातलं, खात्यातलं, कचरापेटीतलं. आता म्या काय बी बोललो तर कोन मानंल? माजीच सही हाय.”

शालनबाईंनी ज्या प्रश्नासाठी दोन दिवस घालवले होते त्याचे उत्तर त्यांना मिळाले होते, आणि ते कुणाच्याही उपयोगाचे नव्हते. चोर सापडला होता. चोरीचा माल नव्हता. उद्या सकाळी सात वाजता चार नंबर सुरू होणार होता. एरवी अशा वेळी त्या एखादे उद्धरण आठवत. त्यांना त्याऐवजी कालची, खड्ड्यात आपटणारी बस आठवली.

“ज्योतीराम, तुम्ही खात्यातल्या कुठल्या कुठल्या फाईली काढल्या?”

“येकच. माझी.”

“सुमनताईंच्या?”

“त्येंच्या थराला म्या कसा हात लावीन?” त्याला प्रश्नच अजब वाटला. “नियम हाय ना आपला. दुसऱ्याच्या थराला हात लावायचा न्हाई.”

शालनबाईंनी सामायिक खात्यात सुमनताईंचा खण उघडला. चौदा मूळ थर, न धुतलेले. सर्वांत जुना मार्चच्या अकरा तारखेचा, अपघाताच्या तीन महिने आधीचा. सुमनताई हेडफोन लावत नाहीत. शेजारच्या फोनवर पाया मोठ्याने लावतात आणि त्यावर गातात.

त्यांनी आवाज पूर्ण वाढवून फोन चटईवर ठेवला.

बांगड्यांची टाळी. सुमनताईंचा गळा. आणि त्याच्या मागे, भिंतीपलीकडून यावा तसा, पण नक्की, प्रेस. पूनम चहा तसाच सोडून खाली बसली. ज्योतीराम डावा हात वर करून बोटाने दाखवू लागला, “ह्ये ऐका. आधी बारीक कट्ट वाजतंय. ते पायडल. मंग धप्प, तो ठोका. कट्ट, धप्प. कट्ट, धप्प.” चौथ्या मिनिटाला गळा वर चढला आणि दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला थांबला. कट्ट, धप्प. धप्प.

ज्योतीरामचे बोट हवेत राहिले.

“दुसऱ्याच्या आधी कट्ट न्हाई,” पूनम म्हणाली.

नाही. आणि शालनबाईंनी हा ठोका शेकडो वेळा ऐकला होता. कोमल आणि अतिकोमल यांतले अंतर पाठीमागच्या बाकावरून ओळखणाऱ्या त्यांच्या कानाने त्यात काय नाही, हे कधी ऐकले नव्हते.

पूनमने विचारले, “बाई, तुम्ही ह्या ठोक्यावर लिहिलं होतं ना? काय लिहिलं होतं?”

शालनबाईंनी ते वाक्य म्हणून दाखवले. सबंध.

“म्हणजे काय?”

“म्हणजे मला काही कळले नव्हते.”

पूनमने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी, आणि आपला फोन पुढे केला. “हे माझ्यात घालून द्या.”

६

शुक्रवारी सकाळी सहा पन्नासला शालनबाई कासारवाडीतल्या आपल्या घराच्या खिडकीत, फोन कानाला लावून बसल्या होत्या. पलीकडे पूनमच्या पिशवीत ज्योतीरामचा फोन चालू होता. निरंजनने सुट्टी टाकली होती, नोकरीत कारण न सांगता घेतलेली पहिली सुट्टी. दहा वाजता तो ज्योतीरामला घेऊन कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत जाणार होता. बरोबर सुमनताईंचे चौदा थर तारखांसह, आणि ज्योतीरामचे नवे निवेदन, त्याच्याच आवाजातले: नाव, गाळा, प्रेसचा नंबर, सही कशी घेतली गेली ते. निवेदनाच्या आरंभी मांडीवरची टाळी होती. निरंजनने ती कापली नव्हती.

कचेरी दहाला उघडते. शिफ्ट सातला सुरू होते. मधले तीन तास पूनमचे होते.

शटर वर गेल्याचा आवाज आला. चपला, डबे ठेवल्याचे आवाज, कुणाचा तरी खोकला. शालनबाई दचकल्या, तो तोच खोकला होता. मग भोंगा झाला, आणि एकेक प्रेस जागा होऊ लागला. एक नंबर. दोन नंबर. तीन.

“बस इथं,” कुणीतरी पुरुष म्हणाला. “पायडल उजव्या पायाखाली.”

“एक मिनिट,” पूनमचा आवाज. “आधी हे ऐका. सोजरबाई, तुम्ही बी या. मशीन थांबवा जरा, ऐकू येत न्हाई.”

“गाणी लावायला आलीस काय?”

“व्हय, गाणंच हाय.”

आणि गाळ्यातल्या पत्र्यांवर, तेलावर, माणसांवर सुमनताईंचा आवाज पसरला, मागे प्रेस घेऊन. शालनबाईंना तो फोनमधून, फोनमधल्या फोनमधून, त्याच्याही आतल्या फोनमधून ऐकू आला. चौथे मिनिट आले. कट्ट, धप्प. धप्प.

“ह्यो चार नंबरच,” एक म्हातारी बाई म्हणाली.

“मार्च महिन्यातला,” पूनम म्हणाली. “तेव्हा ह्यांचा हात होता. आता मी पायडल मारणार न्हाई. ज्याला मारायचं त्यानं या.”

“बंद करा ते. आणि कामाला लागा,” पुरुषाचा आवाज चढला. “सोजरबाई, तुमची सून कुठाय?”

“घरी हाय. आन् घरीच राह्यल,” ती म्हातारी म्हणाली.

शालनबाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि मोजायला लागल्या. चार नंबरचा प्रेस मिनिटाला बावीस ठोके टाकतो. ही लय त्यांच्या अंगात चार महिने भिनली होती. त्यांनी बावीस मोजले. ठोका नाही. पुन्हा बावीस. पहिल्या तीन प्रेसचे आवाजही परत आले नव्हते. ट्यूबलाइटची गुणगुण, कुणाचा तरी श्वास, तो खोकला.

टेबलावर कागद होता, पेनाचे टोपण काढलेले होते. त्यांनी त्यावर वेळ लिहिली: सात वाजून नऊ मिनिटे, चार नंबर बंद. निरीक्षकांना लागेल. त्यापुढे आणखी एक वाक्य सुचले, घडीव, तोलदार, क्रियापद जागच्या जागी. त्यांनी पेनाला टोपण लावले आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.